प्रतिपिंडांचा कासरा

लाळ-खुरकुताची लस टोचणारे पथक गोठ्यात शिरले की मोठ्या जनावरांबद्दल फारसे विचारत नाही. वासरापाशी मात्र हात थांबतो. "याला किती महिने झाले?" चार महिने भरले नसतील तर ते वासरू सोडून पथक पुढच्या दावणीकडे वळते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेहून सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा हा नियमच आहे. गाई-म्हशींना दर सहा महिन्यांनी लस द्यायची, पण वासराला पहिला डोस चार महिन्यांनंतर आणि पुढे महिनाभराने बूस्टर. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लशी तर साधारण सहा महिन्यांच्या पुढेच दिल्या जातात. पशुपालकाला हे उफराटे वाटले तर नवल नाही. लाळ-खुरकुतात मोठी गाय सहसा जगते. तिचे दूध आटते, खुरांत जखमा होतात, पण ती उठून उभी राहते. लहान वासराच्या हृदयाच्या स्नायूंवरच हा विषाणू घाला घालतो आणि ते बघता बघता दगावते. मग ज्याला धोका जास्त, त्यालाच का वगळायचे?

"अजून त्याला सोसायची नाही," हे यावर गोठ्यात मिळणारे नेहमीचे उत्तर. ते खरे नाही. लस वासराला सोसते. प्रतिपिंडांची तयारी करणाऱ्या त्याच्या रक्तातल्या बी पेशी त्या लशीला जवळपास काहीच प्रतिसाद देत नाहीत, ही अडचण आहे. प्रतिसाद देण्याची कुवत त्यांच्यात असते, पण त्यांना आवरले जाते. आवरणारी वस्तू वासराच्या अंगची नसून त्याच्या आईच्या चिकातून आलेली असते.

माणसाचे मूल जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडे आधीच पोचलेली असतात. वारेतून ती शेवटच्या महिन्यांत ओतली जातात. गाईच्या वारेची रचना वेगळी आहे. तिच्यात आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे इतके थर राहतात की प्रतिपिंडांचे मोठे रेणू पलीकडे जाऊच शकत नाहीत. त्यामुळे वासरू प्रतिपिंडांच्या बाबतीत जवळजवळ रिकाम्या रक्ताने जन्माला येते. ही उणीव चीक भरून काढतो. चांगल्या चिकात दर लिटरला पन्नास ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रतिपिंडे असतात, आणि पहिल्या काही तासांत वासराचे आतडे ती न पचवता जशीच्या तशी रक्तात घेते. हे दार फार काळ उघडे राहत नाही. सहा तासांनंतर शोषण झपाट्याने घटते आणि चोवीस तासांच्या सुमारास जवळजवळ थांबते. म्हणून वजनाच्या एक दशांश इतका चीक, त्यातला शक्य तेवढा पहिल्या काही तासांतच, असा सल्ला पशुवैद्यक देतात. अनेक गावांत वार पडेपर्यंत वासराला आचळाला लावत नाहीत. वार पडायला आठ-दहा तास लागले तर तेवढ्या वेळात वासराची बरीचशी संधी निघून गेलेली असते. खरवसाला विरोध करण्याचे कारण नाही. गाईला चीक भरपूर असतो. फक्त वासराचा वाटा आधी, आणि तोही पहिल्याच धारेचा.

या गोष्टीचा शास्त्रीय पाया ज्याने घातला त्या माणसाचे नाव थिओबाल्ड स्मिथ. अमेरिकेतल्या या संशोधकाचे दुर्दैव असे की त्याने केलेली कामे प्रसिद्ध झाली, तो स्वतः फारसा झाला नाही. ज्याच्यावरून पुढे साल्मोनेला कुळ ओळखले गेले तो जीवाणू त्याने १८८५ च्या सुमारास वेगळा केला, आणि नाव लागले त्याच्या वरिष्ठाचे, डॅनियल साल्मन यांचे. गुरांचा टेक्सास ताप गोचिडांमुळे पसरतो हे त्याने एफ. एल. किलबोर्न यांच्यासह १८९३ मध्ये सिद्ध केले. संधिपाद जीव एका जनावराचा रोग दुसऱ्यापर्यंत नेऊ शकतात याचा हा पहिल्या भक्कम पुराव्यांपैकी एक होता. पुढे प्रिन्स्टन इथल्या रॉकफेलर संस्थेच्या पशुरोग विभागात त्याने राल्फ लिटल यांच्याबरोबर वासरांचे दोन गट पाडले. एका गटाला चीक दिला, दुसऱ्याला दिला नाही. चिकाविना वाढवलेली बहुतेक वासरे मेली, चीक प्यालेली जगली. ते निष्कर्ष १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्मिथचे आणखी एक काम आहे, १९०९ सालचे. ते गिनिपिगांवर आहे आणि त्यात गाय कुठेच नाही. त्याने घटसर्पाचे, म्हणजे माणसांना होणाऱ्या डिफ्थेरियाचे विष आणि त्यावरचा उतारा असलेले प्रतिविष वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून टोचले. प्रतिविष म्हणजे तयार प्रतिपिंडेच. दोहोंचे प्रमाण बरोबर जमले तर प्राण्यात टिकाऊ प्रतिकारशक्ती निर्माण व्हायची. प्रतिविष जास्त झाले की ती निर्माणच व्हायची नाही. तयार प्रतिपिंडे मुबलक असली की शरीर स्वतःची करत नाही, ही गोष्ट पहिल्यांदा नोंदवली गेली ती अशी. चिकाशिवाय वासरू मरते हे दाखवणारा आणि तयार प्रतिपिंडे नवी प्रतिपिंडे दाबतात हे दाखवणारा माणूस एकच होता. वासराच्या लशीचे कोडे या दोन शोधांच्या मधोमध पडलेले आहे.

ते सोडवण्यासाठी प्रतिपिंडाचा रेणू जरा जवळून पाहावा लागतो. तो इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा असतो. वरचे दोन हात विषाणू, जीवाणू किंवा विष यांचा नेमका तुकडा पकडतात. तो तुकडा म्हणजे प्रतिजन. हे हात प्रत्येक प्रतिपिंडात वेगळे. खालचा दांडा मात्र एका प्रकारच्या सगळ्या प्रतिपिंडांत सारखाच असतो. शरीरातल्या अनेक पेशींवर हा दांडा ओळखणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, बसवलेले असतात. हातांनी काय पकडले आहे याच्याशी या ग्राहींना देणेघेणे नसते. प्रतिपिंड कुठे जाईल, किती दिवस टिकेल आणि ते पाहून इतर पेशी काय करतील, हे ठरते ते बरेचसे या दांड्यावरून.

गाईच्या कासेत असाच एक ग्राही काम करतो, एफसीआरएन नावाचा. व्यायच्या आधीच्या काही आठवड्यांत कासेतल्या पेशी रक्तातून आयजीजी-१ या प्रकारची प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणावर ओढून चिकात सोडतात. इतकी, की त्या काळात गाईच्या स्वतःच्या रक्तातले या प्रतिपिंडांचे प्रमाण उतरते. या निवडक वाहतुकीत एफसीआरएनचा हात असल्याचे मानले जाते. हाच ग्राही रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींत प्रतिपिंडांना विघटनापासून वाचवून पुन्हा रक्तात सोडतो, त्यामुळे ती दिवसांऐवजी आठवडे टिकतात. हंगेरीत बुडापेस्ट इथल्या इम्रे काचकोविच यांच्या गटाने गाईचा हा जनुक ओळखला आणि पुढे त्याच्या जादा प्रती उंदरांत घातल्या. त्या उंदरांची प्रतिपिंडे जास्त दिवस टिकली, हे अपेक्षितच होते. अपेक्षेपलीकडची गोष्ट अशी की लस दिल्यावर त्यांच्या प्लीहेत त्या लशीला ओळखणाऱ्या बी पेशी आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी यांची संख्याही वाढली. प्रतिपिंड नुसते टिकवून ठेवणारा ग्राही त्याच्या उत्पादनावरही परिणाम करतो, असा याचा अर्थ.

दांडा बघायचा, हात बघायचे नाहीत, या पद्धतीची एक भयंकर किंमत युरोपने मोजली आहे. २००७ च्या सुमारास दक्षिण जर्मनीत दोन-तीन आठवड्यांची धडधाकट वासरे अचानक रक्तस्राव होऊन मरू लागली. कानात बिल्ला मारलेल्या जागेतून, सुईच्या भोकातून, कधी अखंड कातडीतूनही रक्त पाझरायचे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि बिंबिका नाहीशा झालेल्या, अस्थिमज्जा रिकामी. पुढे हा आजार अनेक युरोपीय देशांत दिसला आणि आजारी पडलेल्यांपैकी बहुतेक वासरे गेली. विष, विषाणू, खाद्य असे सगळे तपासून झाल्यावर बोट वळले ते आयांना दिलेल्या एका लशीकडे. बीव्हीडी या अतिसाराच्या विषाणूवरची ती लस गाईच्याच मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेली होती आणि त्या पेशींच्या प्रथिनांचे अंश तिच्यात उरले होते. प्रत्येक गाईच्या पेशींवर तिची स्वतःची ओळख सांगणारी प्रथिने असतात. लशीतून आलेली परकी ओळख पाहून काही गाईंच्या बी पेशींनी तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. गाईला त्यांचा त्रास नव्हता, कारण तिच्या पेशींची ओळख निराळी. पण कासेतल्या ग्राहीने ही प्रतिपिंडेही इतरांबरोबर चिकात सोडली. वासराला बापाकडून मिळालेली ओळख त्या लशीतल्या ओळखीशी जुळली की आईचा चीकच त्याच्या रक्तपेशी मारू लागे. २०१० मध्ये ती लस बाजारातून काढून घेतली गेली. त्यानंतरही आधी लस टोचलेल्या गाईंची वासरे काही काळ मरत राहिली, कारण गाईंच्या शरीरात ती प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी जिवंत होत्या.

बी पेशी एरवी इतक्या सहज कामाला लागत नाहीत, हे आधी सांगायला हवे. बी पेशी विश्रांतीत असते तेव्हा तिच्या पृष्ठभागावर एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाच्या लाखभर प्रती रोवलेल्या असतात. तोच तिचा मुख्य ग्राही. त्याला जुळणारा प्रतिजन भेटला आणि शेजारशेजारचे ग्राही एकत्र ओढले गेले की पेशीच्या आत फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांची साखळी सुरू होते. एवढ्याने भागत नाही. बी पेशी तो प्रतिजन गिळून त्याचे तुकडे मदतनीस टी पेशीला दाखवते, आणि टी पेशीने सीडी४० नावाच्या दुसऱ्या ग्राहीला स्पर्श करून दुजोरा दिला तरच ती पुढे सरकते. मग ती वाढते, प्रतिपिंडाचा प्रकार बदलते, त्याची पकड सुधारते. तिच्या काही लेकी प्लाझ्मा पेशी होतात आणि सेकंदाला हजारो प्रतिपिंडे रक्तात सोडू लागतात. काही स्मृतिपेशी होऊन वाट पाहत राहतात.

गाईच्या बी पेशींचा मुख्य ग्राही तर एक नवलच आहे. माणसाजवळ प्रतिपिंडाच्या जड साखळीचे चाळिसाहून अधिक वापरण्याजोगे जनुकखंड असतात. गाईजवळ जेमतेम डझनभर. इतक्या थोड्या भांडवलावर लक्षावधी आकार कसे घडवायचे? गाय दुसऱ्याच वाटेने गेली. तिच्या सुमारे दहा टक्के प्रतिपिंडांत पकडणाऱ्या भागातला एक फास अतोनात लांब असतो, साठ-सत्तर अमिनो आम्लांपर्यंत. माणसात तो साधारण पंधराच्या आसपास असतो. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या व्हॉन स्मायडर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा दिसले की हा फास पृष्ठभागातून लांब देठासारखा बाहेर येतो आणि त्याच्या टोकावर गंधकाच्या बंधांनी घट्ट विणलेली छोटी गाठ असते. खाचाखोचांत घुसायला ही गाठ उत्तम. एचआयव्ही विषाणू आपले कमकुवत भाग शर्करेच्या आवरणाखाली लपवतो, आणि त्याच्या बहुतेक जातींना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे माणसात क्वचितच आणि वर्षानुवर्षांनी तयार होतात. २०१७ मध्ये संशोधकांनी चार वासरांना एचआयव्हीच्या कवचाचे प्रथिन टोचले. गाईला एचआयव्ही होत नाही. पण एका वासराच्या रक्तातली प्रतिपिंडे ४२ दिवसांत तपासलेल्या विषाणूंपैकी २० टक्क्यांना आणि ३८१ दिवसांनी ९६ टक्क्यांना निष्प्रभ करू लागली. माणसासाठी लस शोधणाऱ्यांनी हे आकडे थोड्या हेव्यानेच वाचले असतील.

एवढी दमदार यंत्रणा मोकाट सोडली तर जनावराचेच नुकसान. प्रतिपिंडे बनवायला प्रथिने आणि ऊर्जा लागते, आणि एका प्रतिजनामागे सगळ्या पेशी लागल्या तर दुसऱ्यासाठी जागा उरत नाही. शिवाय बेलगाम बी पेशी स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागतात. म्हणून तिला आवरण्याची सोय तिच्याच अंगावर आहे. औताच्या बैलाला जसा कासरा, तसा बी पेशीला एफसी-गॅमा-आरटूबी हा ग्राही.

त्याच्यापर्यंत पोचायला शास्त्रज्ञांना स्मिथनंतर बरीच वर्षे लागली. १९६८ मध्ये क्लॉडिया हेन्री आणि नील्स येर्ने यांनी उंदरांना मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचून पाहिले की आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे बरोबर दिली तर प्रतिसाद वाढतो, आयजीजी दिली तर तो पडतो. त्याच सुमारास डॉक्टरांनी या दुसऱ्या परिणामाचा उपयोग माणसांत सुरू केला होता. आरएच निगेटिव्ह आईला बाळंतपणानंतर अँटी-डी प्रतिपिंडांचे इंजेक्शन देतात, ते तिच्या बी पेशींनी बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे बनवू नयेत म्हणून. या इंजेक्शनने असंख्य बाळे वाचली. ते नेमके कसे काम करते यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात. सिंक्लेअर या संशोधकाच्या आणि इतरांच्या प्रयोगांत दिसले की प्रतिपिंडाचा दांडा कापून नुसते हात दिले तर दाबण्याचा परिणाम बराच कमी होतो. म्हणजे दांडा वाचणारे काहीतरी बी पेशीवर असणार.

ते जेफ्री रॅव्हेच यांच्या गटाने आणि इतरांनी १९९० च्या दशकात उलगडले. समजा, रक्तात आधीपासून एखाद्या विषाणूविरुद्ध आयजीजी आहे आणि त्याने तो विषाणू पकडलेला आहे. तो जोडगोळीने बी पेशीपाशी येतो. विषाणू बी पेशीच्या मुख्य ग्राहीत अडकतो आणि त्याच वेळी प्रतिपिंडाचा दांडा शेजारच्या आरटूबी ग्राहीत अडकतो. दोन्ही ग्राही एकत्र ओढले गेले की आरटूबीच्या शेपटीतला एक छोटा भाग जागा होतो आणि 'शिप' नावाचे विकर बोलावतो. हे विकर मुख्य ग्राहीने सुरू केलेली फॉस्फेटची साखळी तोडते. पेशी थंडावते. फक्त आरटूबी ओढला गेला आणि मुख्य ग्राही रिकामा राहिला, तर काही बी पेशी मरूनही जातात. प्लाझ्मा पेशींवरही हा ग्राही असतो आणि अस्थिमज्जेत किती प्लाझ्मा पेशी टिकू द्यायच्या यात त्याचा वाटा आहे, असे उंदरांवरील प्रयोगांतून २००७ मध्ये दिसले. एकूण हिशेब साधा आहे. भोवती या रोगाची आयजीजी भरपूर आहे, म्हणजे काम झाले आहे. आणखी बनवू नका.

कासरा कापला तर काय होते, हेही पाहून झाले आहे. हा जनुक काढलेल्या उंदरांत प्रतिपिंडे वाढतात आणि काही जातींच्या उंदरांना ल्युपससारखा स्वतःवर उलटणारा आजार होतो. माणसातही या ग्राहीचे एक सैल रूप आफ्रिका आणि आशियातल्या लोकांत बऱ्यापैकी आढळते. ते ल्युपसचा धोका वाढवते आणि तीव्र मलेरियापासून थोडे संरक्षण देते. निसर्गाने ते का राखून ठेवले, याचा अंदाज त्यावरून करता येतो.

या साऱ्या तपशिलांचे मोठे काम उंदरांत झाले. पण आवरणारी शेपटी असलेला हाच ग्राही गाईतही आहे, आणि १९९० च्या दशकातच त्याचा जनुक हाती आला. गाईने या कुटुंबात स्वतःची भरही घातली आहे. १९९५ मध्ये तिच्या पेशींवर एक असा ग्राही सापडला की जो फक्त आयजीजी-२ चा दांडा ओळखतो आणि ज्याची घडण माणसातल्या आयजीए ओळखणाऱ्या ग्राहीच्या जवळची आहे. गाईच्या कळपात आणखी एक वेगळा गडी म्हणजे गॅमा-डेल्टा टी पेशी. माणसाच्या रक्तातल्या टी पेशींत त्या थोड्याच असतात; वासरात त्यांचे प्रमाण निम्म्याच्या वर जाऊ शकते. त्यांच्यावर डब्ल्यूसी१ नावाचे तेरा जनुकांचे ग्राहीकुल असते आणि त्यांतल्या काही पेशी आयएल-१० हे प्रतिसाद शमवणारे रसायन सोडतात. लहान वासराचा प्रतिसाद अनेक बाजूंनी आवरलेला असतो.

आवरण्याची ही व्यवस्था रोगजंतूंनाही ठाऊक आहे, असेच म्हणावे लागते. गुरांच्या ल्युकेमियाचा विषाणू बी पेशींतच राहतो. बहुतेक गुरे आयुष्यभर काही न दाखवता तो बाळगतात, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गुरांत बी पेशींची संख्या कायमची वाढते आणि काही थोड्यांना गाठींचा कर्करोग होतो. या बी पेशींना मारायला येणाऱ्या टी पेशींवर पीडी-१ नावाचा ग्राही वाढलेला असतो आणि तो त्यांना थकवून ठेवतो. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठातील गटाने २०१७ मध्ये त्याचा जोडीदार झाकणारे प्रतिपिंड गुरांसाठी तयार करून टोचले, तेव्हा रक्तातला विषाणूचा भार उतरला. माणसांच्या कर्करोगावर वापरतात तीच कल्पना गोठ्यात आली.

आता पुन्हा वासराकडे. चीक पिऊन त्याच्या रक्तात आईची आयजीजी आली. आईला लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी मिळत असेल तर त्यांत त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असणार. दहाव्या दिवशी वासराला लस टोचली तर तीन गोष्टी एकदम होतात. प्रतिपिंडे लशीतल्या विषाणूचे ओळखीचे भाग झाकून टाकतात. भक्षक पेशी ही जोडगोळी गिळून तिची विल्हेवाट लावतात. आणि जी थोडी जोडगोळी बी पेशीपर्यंत पोचते, ती कासरा ओढते. यांतले कोणते कारण किती मोठे, हे लशीनुसार बदलते. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये कॉटन रॅट या प्राण्यात गोवराच्या लशीवर हा प्रश्न तपासला. दांडा असलेली प्रतिपिंडे दिली तर लस निष्फळ ठरली. दांडा कापलेली दिली तर ती लागू पडली. नुसते झाकण्याने हे झाले असते तर दांड्याने फरक पडला नसता. भारतात तान्ह्या मुलांना गोवर-रुबेलाची लस नऊ महिने भरल्यावर देतात, त्यामागे आईच्या प्रतिपिंडांची हीच अडचण आहे.

आईची प्रतिपिंडे वासरात दोन-तीन आठवड्यांत निम्मी होतात. वीस दिवस धरले तर चार महिन्यांत सहा वेळा निम्मी, म्हणजे मुळातल्या चौसष्टाव्या भागावर. बहुतेक वासरांत एवढी आयजीजी बी पेशींना अडवायला पुरत नाही. चार महिन्यांची मर्यादा अशा हिशेबातून येते. तरी ती सगळ्या वासरांना सारखी बसत नाही. उत्तम चीक पोटभर प्यालेल्या वासरात अडवणूक अधिक काळ टिकते. उशिरा आणि थोडा चीक मिळालेल्या वासराचे संरक्षण दुसऱ्या महिन्यातच संपलेले असते. त्यातली सर्वांत अवघड गोष्ट अशी की रोगापासून वाचवायला प्रतिपिंडे जितकी लागतात, त्यापेक्षा कमी प्रतिपिंडांतही लशीची अडवणूक होऊ शकते. त्यामुळे मधे काही आठवडे असे येतात की वासरू रोगाला उघडे आहे आणि लस अजून लागत नाही.

लंपी या चर्मरोगाच्या साथीत ही गुंतागुंत महाराष्ट्रातल्या गोठ्यांनी प्रत्यक्ष अनुभवली. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून सुरुवात होऊन साथ राज्यभर पसरली आणि जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस सरसकट टोचली गेली. लंपीचा विषाणू शेळीच्या देवीच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद असल्याने एकाविरुद्ध तयार झालेल्या बी पेशी दुसऱ्याचीही प्रथिने ओळखतात. लंपीच्या लशींबाबतचा आंतरराष्ट्रीय सल्ला वासरांत आईनुसार फरक करतो. जिला ना लस मिळाली ना रोग झाला, अशा गाईच्या वासराला कोणत्याही वयात लस देता येते, कारण त्याच्या बी पेशींना अडवायला काही नाही. लस मिळालेल्या किंवा रोगातून उठलेल्या गाईच्या वासराला काही महिने थांबावे लागते. साथ पहिल्यांदा आली तेव्हा बहुतेक वासरे पहिल्या प्रकारची होती. पुढच्या वर्षी जन्मलेली वासरे बरीचशी दुसऱ्या प्रकारची. एकच लस, एकच वय, आणि दोन वर्षांत दोन वेगळी उत्तरे.

कासऱ्याला वळसा घालता येतो का, यावर काम चालू आहे. एक मार्ग नाकाचा. श्वसनरोगांवरच्या काही जिवंत लशी युरोप-अमेरिकेत अगदी लहान वासरांच्या नाकपुडीत फवारतात. नाकाच्या अस्तरात रक्तातली आयजीजी थोडीच उतरते, त्यामुळे तिथल्या बी पेशींना लस पाहायला मिळते आणि त्या स्थानिक आयजीए बनवू लागतात. दुसरा मार्ग प्रतिसाद मोजण्याच्या पद्धतीशी निगडित आहे. आईची प्रतिपिंडे असताना टोचलेल्या वासरांच्या रक्तात नवी प्रतिपिंडे दिसत नाहीत म्हणून लस वाया गेली असे पूर्वी सरसकट मानत. पण आरटूबीचा हा आवर टी पेशींवर चालत नाही. अशा काही वासरांत टी पेशींना लशीची ओळख झालेली आढळली आणि पुढे तोच रोगजंतू आल्यावर ती न टोचलेल्या वासरांपेक्षा लवकर सावरली. लाळ-खुरकुताच्या निष्क्रिय लशीला मात्र नाकाची वाट अजून खुली झालेली नाही. तिच्या बाबतीत वासराचे पहिले चार महिने गाभण गाईला वेळेवर मिळालेल्या डोसवर आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांतल्या चिकावर काढावे लागतात. तो चीक पुरेसा दाट आहे की नाही हे ब्रिक्स मीटरच्या काचेवर थेंबभर टाकून जागच्या जागी कळते. आकडा बावीस किंवा वर आला की चालते.